एसीतला गॅस हवेत सोडण्याचे पैसे देऊ नका

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका,
मा. अधीक्षक अभियंता (विद्युत), सार्वजनिक बांधकाम विभाग, नागपूर,
आणि शहरातल्या सरकारी-निमसरकारी कार्यालयांत, रुग्णालयांत, महाविद्यालयांत एसीच्या देखभालीची निविदा काढणारे सर्व अधिकारी

विषय: वार्षिक देखभाल करारातला ‘गॅस चार्जिंग’ हा नग काढून टाकून गळती-दुरुस्तीची आणि गॅस परत काढून घेण्याची अट घालण्याबाबत

महोदय, महोदया,

एसी देखभालीच्या निविदेच्या दरपत्रकात एक ओळ हमखास सापडते: ‘गॅस चार्जिंग, दीड टन स्प्लिट, प्रति नग’. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. लिहिणारे आम्ही नागपुरात एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणारे आणि ते शिकवणारे लोक आहोत. हरितगृह वायूंवरचे कायदे दिल्लीत होतात, करार परदेशात होतात, पण या ओळीवर सही आपली असते.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो, यंत्र पंधरा वर्षं चाललं तरी तेवढाच राहायला हवा. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, दुसरा अर्थ नाही. आता दरपत्रक काय सांगतं ते पाहा. गळती शोधायला दर नाही, नायट्रोजन भरून दाब तपासायला दर नाही, उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला तर नाहीच नाही. दर आहे तो फक्त भरण्याला. म्हणजे ज्या कंत्राटदाराने गळती बुजवली त्याचं पुढच्या वर्षीचं बिल कमी, आणि ज्याने नुसता गॅस ओतला त्याला तेच यंत्र पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा. मेकॅनिकच्या नीतिमत्तेचा हा प्रश्न नाही, आपणच लावलेल्या दराचा आहे.

एसीत आर-22, आर-32 अशा नावांचे गॅस असतात. हा गॅस हवामानाला किती जड पडतो याचा अंदाज असावा. अशा वायूंवरच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीत जे आकडे धरले आहेत त्यांनुसार शंभर वर्षांच्या हिशेबाने आर-22 हा कार्बन डायऑक्साइडच्या 1810 पट, आर-410ए 2088 पट, आर-134ए 1430 पट आणि आर-32 हा 675 पट तापवतो. एक किलो आर-410ए हवेत गेला की दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर हे जवळपास तीन हजार युनिट विजेइतकं भरतं. दीड टनाच्या तीन-स्टार इन्व्हर्टर एसीच्या लेबलवर वर्षाचा वापर, 1600 तास धरून, हजार युनिटांच्या आसपास छापलेला असतो. एसी 24 अंशांवर ठेवा असे फलक कार्यालयाकार्यालयांत लागले आहेत आणि ते योग्यच आहे, पण तीन वर्षांच्या विजेएवढं उत्सर्जन छतावर एका पान्याने दहा मिनिटांत होतं, त्याचा फलक कुठे नाही.

कायद्याची स्थिती अशी. पर्यावरण (संरक्षण) कायदा 1986 खाली ओझोन थर कमी करणाऱ्या पदार्थांचे नियम 2000 साली आले. त्यांनी उत्पादन, आयात, विक्री, नोंदणी यांवर लगाम घातला. 1 जानेवारी 2010 पासून सीएफसी हे ओझोन खाणारे जुने गॅस गेले, आणि 1 जानेवारी 2025 पासून नवी यंत्रं बनवताना आर-22 सारखे एचसीएफसी, म्हणजे ओझोनला कमी पण धक्का लावणारे गॅस, वापरता येत नाहीत. आर-410ए आणि आर-32 ओझोनला धक्का लावत नाहीत पण हवा तापवतात, ते एचएफसी. त्यांच्यासाठी माँट्रियल करारातली किगाली दुरुस्ती, जी भारताने सप्टेंबर 2021 मध्ये मान्य केली. भारत ज्या देशांच्या गटात आहे त्याचं वेळापत्रक ठरलेलं आहे: 2024 ते 2026 ही आधाराची वर्षं, म्हणजे पुढची कपात त्यांच्या आकड्यावरून मोजायची, 2028 ला वापर गोठवायचा, मग 2032 ला 10 टक्के, 2037 ला 20, 2042 ला 30 आणि 2047 ला 85 टक्के कपात. ऊर्जा संवर्धन कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना 2023 मध्ये अधिसूचित झाली, पण तिचा रोख सिमेंट, ॲल्युमिनियम अशा मोठ्या कारखान्यांकडे आहे.

या सगळ्या नियमांचा हात कारखान्याच्या आणि बंदराच्या फाटकापर्यंत पोचतो. गॅस किती बनला, किती आला, कोणाला विकला, इथपर्यंत हिशेब आहे. सिव्हिल लाइन्समधल्या एखाद्या कार्यालयाच्या गच्चीवर मेकॅनिक नट सैल करून तो हवेत सोडतो, तिथे दंड करणारा कोणी नाही. अमेरिकेत असं सोडणं 1992 पासून कायद्याने मना आहे. युरोपात यंत्रात भरलेला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबाने 5 टनांवर गेला की साधारणपणे वर्षातून एकदा, 50 टनांवर गेला की सहा महिन्यांनी आणि 500 टनांवर गेला की तीन महिन्यांनी गळती तपासावी लागते. आपल्याकडे 2019 च्या इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये 2037-38 पर्यंत रेफ्रिजरंटची, म्हणजे एसी-फ्रिजमधल्या गॅसची, मागणी 25 ते 30 टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. ते गच्चीवर कसं उतरणार हे कोणीतरी ठरवायचं बाकी आहे.

महापालिकेला रेफ्रिजरंटवर कायदा करण्याचा अधिकार नाही हे आम्हालाही कळतं. पण आपण इथे नियामक म्हणून नाही, यंत्राचे मालक म्हणून उभे आहात. मालकाला आपल्या यंत्राचं काम कसं व्हावं हे करारात लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता गच्चीवर नेमकं काय होतं ते सांगतो, कारण निविदेची अट लिहिणाऱ्याने हे एकदा पाहिलेलं बरं.

‘थंडा नहीं कर रहा’ अशी तक्रार येते. मेकॅनिक गेज लावतो, ‘गॅस कम है’ म्हणतो आणि सिलिंडर उलटा करतो. खरं तर आधी फिल्टर, मग आउटडोरची कॉइल, पंख्याचा कपॅसिटर आणि व्होल्टेज पाहायला हवं. नागपुरात मेच्या धुळीत कंडेन्सरच्या पत्र्यांत लोकरीसारखा थर बसतो आणि थंडावा जातो, गॅस जागेवरच असतो. गॅस खरोखर कमी असेल तर साध्या कॅपिलरीच्या (बारीक तांब्याच्या नळीतून गॅस सोडणाऱ्या) स्प्लिटमध्ये पातळ पाइपच्या नटावर बर्फ धरतो, ही जुनी आणि चांगली खूण. दुसरी चूक दाब बघून भरण्याची. बाहेर 45 अंश, पश्चिमेच्या भिंतीवर आउटडोर, वर पत्रा. अशा जागी आर-410ए चा हेडचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतानाचा, दाब 500 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास जातो आणि सक्शनचा, म्हणजे आत ओढतानाचा, दाबही वर सरकतो. इन्व्हर्टर यंत्रात तर कॉम्प्रेसरचा वेग बदलला की काटा हलतो. त्या काट्यावरून ‘बस, झाला’ म्हणणं हा निव्वळ अंदाज आहे. जास्त भरला तर कॉम्प्रेसर दमतो, वीज वाढते. योग्य पद्धत एकच: उरलेला गॅस काढून घ्यायचा, गळती बुजवायची, निर्वात करायचं आणि नेमप्लेटवर जेवढे ग्रॅम लिहिले आहेत तेवढे तोलकाट्यावर तोलून भरायचे. पाइप जास्त लांब असेल तर दर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं. तोलकाटा नसलेल्या मेकॅनिकला आपल्या इमारतीत गॅसचं काम देऊ नये.

गळती बहुतेक वेळा फ्लेअरच्या, म्हणजे पाइपचं तोंड पसरवून केलेल्या सांध्याच्या, नटावर सापडते. पाइप करवतीने कापला, आतली कड साफ केली नाही, फ्लेअर वाकडा बसला, आणि मग पान्याने जोर लावून तो नट चिरडला. ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना असतो तो याचसाठी: पाव इंची नटाला साधारण 15 ते 18 न्यूटन-मीटर, अर्ध्या इंचीला 50 ते 60. दुसरी जागा इनडोरची कॉइल, विशेषतः नाग नदीच्या किंवा उघड्या नाल्याच्या कडेच्या इमारतींत. सांडपाण्यातून उठणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं काळं करतो, खातो आणि डोळ्याला न दिसणारी भोकं पाडतो. अशी कॉइल एकदा झाळून भागत नाही, शेजारी दुसरं भोक तयारच असतं. ती बदलावी लागते, आणि नाल्याकडेच्या जागेसाठी खरेदीतच कोटिंग केलेली कॉइल मागावी.

गळती शोधायची ती कोरड्या नायट्रोजनने. रेग्युलेटर लावून, नेमप्लेटवरच्या कमाल दाबाच्या आत राहून, आर-32 किंवा आर-410ए च्या यंत्रात 500 पीएसआयच्या आसपास भरायचा, साबणाच्या फेसाने प्रत्येक सांधा पाहायचा आणि शक्य असेल तर रात्रभर ठेवायचा. सकाळी दाब थोडा कमी दिसला तर आधी तापमानाचा फरक वजा करा. दुपारी 44 आणि पहाटे 30 अंश असतील तर काटा आपोआप उतरतो. ऑक्सिजनचा किंवा हवेच्या कॉम्प्रेसरचा दाब इथे कधीही द्यायचा नाही. यंत्रातल्या तेलाशी दाबाखालच्या ऑक्सिजनची गाठ पडली की स्फोट होतो.

मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि बाष्प ओढून निर्वात करणं. इथे सगळ्यात जास्त चोरी होते, आणि त्या चोरीतही गॅसच जातो. पंप जिना चढवून आणायचा कंटाळा, म्हणून मेकॅनिक आउटडोरमधला थोडा गॅस सोडून पाइपमधली हवा ‘पर्ज’ करतो. गॅस हवेत गेला तो गेलाच, वर हवा आणि बाष्प अर्धवट आतच राहतं. नव्या यंत्रांतलं तेल बाष्प ओढून घेतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेसर जळतो. पंप लावून मायक्रॉन गेजवर (निर्वात किती झालं ते मोजणारं साधन) 500 च्या खाली आणायचं, व्हॉल्व्ह बंद करून दहा मिनिटं थांबायचं. काटा सतत चढत राहिला तर गळती, थोडा चढून थांबला तर आत ओल. हे वाचायला मायक्रॉन गेजच हवं, मॅनिफोल्डच्या निळ्या काट्यावर ते दिसत नाही.

यंत्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवताना तर गॅस सोडायचं काहीच कारण नाही आणि कुठलं महागडं साधनही लागत नाही. त्याला पंप-डाउन म्हणतात. यंत्र कूलिंगवर चालू ठेवायचं, इन्व्हर्टर असेल तर टेस्ट-रनवर. पातळ पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, जाड पाइपवरचा दाब शून्याच्या जरा वर येईपर्यंत गेज बघत थांबायचं, लगेच जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून वीज तोडायची. तीन-चार मिनिटांत सगळा गॅस आउटडोरमध्ये जमा. यात जिवाशी खेळ होऊ शकतो तो एकाच ठिकाणी: गळती असलेल्या किंवा पाइप सुटलेल्या यंत्रात पंप-डाउन केलं तर कॉम्प्रेसर हवा ओढतो, तेल, हवा आणि दाब एकत्र येतात आणि कॉम्प्रेसर फुटतो. तिथे पंप-डाउन नाही, रिकव्हरी मशीनच.

रिकव्हरी मशीन म्हणजे छोटा तेलविरहित कॉम्प्रेसर. तो यंत्रातला गॅस ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरतो. साध्या मोटारसायकलपेक्षा स्वस्त येतो. किलोभर गॅसला पंधरा ते पंचवीस मिनिटं लागतात. उन्हाळ्यात सिलिंडर तापून काम मंदावतं, तेव्हा तो कूलरच्या गार पाण्याच्या टबात ठेवला की वेग परत येतो. सिलिंडर रिकव्हरीचाच हवा, दोन व्हॉल्व्हचा, आणि तो 80 टक्क्यांपुढे कधी भरायचा नाही, कारण वरची मोकळी जागा नसेल तर उन्हात द्रव फुगून सिलिंडर फाटतो. एकदा वापरून टाकायच्या सिलिंडरमध्ये पुन्हा गॅस भरणं हा गुन्हाही आहे आणि मूर्खपणाही. गॅस सिलिंडर नियम 2016 ज्या पेसोकडे, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, आहेत तिचं मुख्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, शंका असेल तर विचारायला फार लांब जायला नको.

एका सिलिंडरमध्ये एकच गॅस. आर-22 आणि आर-410ए एकत्र झाले की ते मिश्रण कुठल्याच यंत्राच्या कामाचं राहत नाही. स्वच्छ काढलेला गॅस ड्रायरमधून (ओल शोषणाऱ्या गाळणीतून) त्याच यंत्रात परत भरता येतो. जळक्या कॉम्प्रेसरचा किंवा संशयास्पद गॅस वेगळ्या, लेबल लावलेल्या सिलिंडरमध्ये ठेवायचा. बाजारात भेसळही आहे. मोजायची सोपी रीत: सिलिंडर सावलीत काही तास ठेवून दाब पाहा. 35 अंशांना आर-22 सुमारे 180 पीएसआय दाखवतो, आर-32 सुमारे 300. फरक मोठा असेल तर तो माल यंत्रात जाऊ देऊ नका. आणि आर-22 महाग झाला म्हणून जुन्या एसीत प्रोपेन, म्हणजे आर-290, ओतणारे आहेत, त्यांना थांबवाच. आर-290 स्वतः उत्तम आहे, त्याचा तापवण्याचा आकडा नगण्य आहे. पण तो त्याच्यासाठी बनवलेल्या यंत्रात. जुन्या यंत्रातल्या रिलेच्या ठिणगीला तो पेट घेऊ शकतो.

भंगाराचं तर कायद्याने आधीच बांधलेलं आहे, फक्त पाळलं जात नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. सूचीतली हजार किंवा त्याहून जास्त उपकरणं वापरणारी संस्था ‘घाऊक वापरकर्ता’ ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती-केंद्र किंवा पुनर्चक्रणकर्त्यालाच द्यायचा असतो. संगणक, प्रिंटर, एसी असं सगळं मोजलं तर महापालिका, मोठी रुग्णालयं, विद्यापीठ यातून सुटत नाहीत. तरीही निर्लेखन झालेले, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढलेले, एसी जास्त बोली लावणाऱ्या भंगारवाल्याला जातात. त्याला तांबं हवं असतं. तो पाइप कटरने तोडतो, फुस्स असा आवाज येतो आणि हजार-बाराशे ग्रॅम गॅस गेला. लिलावाच्या अटीत ‘नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ता’ हे शब्द घाला, आणि यंत्र इमारतीतून हलण्याआधी गॅस काढून घेतल्याचं, ग्रॅममध्ये वजन लिहिलेलं प्रमाणपत्र मागा.

निविदेसाठी आम्ही सुचवलेला मजकूर असा आहे, शब्द आपल्या लेखा विभागाने हवे तसे घासूनपुसून घ्यावेत:

“गॅस चार्जिंग हा स्वतंत्र नग म्हणून देय राहणार नाही. गळती शोधून दुरुस्त करणे, नायट्रोजन दाब चाचणी, 500 मायक्रॉनखाली निर्वात करणे आणि नेमप्लेटप्रमाणे तोलून गॅस भरणे हे मिळून एकच काम धरले जाईल व त्यास एकच दर राहील. त्याच यंत्रात बारा महिन्यांत पुन्हा गॅस भरावा लागल्यास तो कंत्राटदाराच्या खर्चाने भरला जाईल; कॉइल झिजल्याचे दाब चाचणीत सिद्ध झाल्यास कॉइल बदलण्याचा दर वेगळा. यंत्र उघडण्यापूर्वी उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढावा. त्यासाठी प्रति किलो दर देय राहील. कंत्राटदाराकडे रिकव्हरी मशीन, तोलकाटा, मायक्रॉन गेज व नायट्रोजन रेग्युलेटर असल्याची प्रत्यक्ष खातरजमा करूनच कार्यादेश दिला जाईल.”

काढलेल्या गॅसला प्रति किलो पैसे द्या, यावर आमचा सगळ्यात जास्त भर आहे. बंदी लिहून ठेवली तर ती गच्चीवर कोण बघणार? पैसे वजनावर मिळणार असतील तर मेकॅनिक स्वतःच सिलिंडर तोलून दाखवेल. कंत्राटदार बाहेरून सिलिंडर आणून ‘काढला’ म्हणेल ही शंका रास्त आहे. त्यासाठी नोंदवही: यंत्राचा अनुक्रमांक, गॅसचा प्रकार, नेमप्लेटवरचे ग्रॅम, काढलेले ग्रॅम, भरलेले ग्रॅम, तारीख, सही. नेमप्लेटपेक्षा जास्त निघालेला गॅस एका नजरेत पकडता येतो.

या वहीतून आणखी एक आकडा फुकट मिळतो. समजा एका कार्यालयात दोनशे स्प्लिट, प्रत्येकात 1.2 किलो आर-410ए. एकूण 240 किलो, म्हणजे सुमारे 500 टन कार्बन डायऑक्साइडइतका साठा भिंतींवर टांगलेला. वर्षात त्यात 24 किलो भरावा लागला तर गळती 10 टक्के आणि उत्सर्जन 50 टन. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानाच्या अहवालात घालायला इतका स्वच्छ, तपासता येणारा आकडा दुसरीकडे सहजी मिळणार नाही. मोठ्या व्हीआरएफ यंत्रणांत (एका आउटडोरवर अनेक खोल्या चालवणाऱ्या) 25 किलोपुढे आर-410ए असतो, तिथे युरोपसारखी सहा महिन्यांनी तपासणी आपणही लावावी. एका सांध्याने वीस किलो गेला तर दोनशे खोल्यांची वर्षभराची काटकसर पाण्यात जाते.

खर्च वाढेल का? पहिल्या वर्षी हो. गळती बुजवायला वेळ लागतो, सुटे भाग लागतात. दुसऱ्या वर्षापासून गॅसचं बिल घटतं, आणि 2028 नंतर एचएफसीचा पुरवठा बांधला गेला की भाव कुठे जातील ते आर-22 ने दाखवलंच आहे. लहान मेकॅनिक निविदेतून बाहेर फेकले जातील ही आमचीही काळजी आहे. म्हणून महापालिकेने चार-पाच रिकव्हरी मशीन आणि पंप घेऊन झोननिहाय अल्प भाड्याने द्यावेत, आणि आयटीआयच्या कार्यशाळेत दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवावं. वर सांगितलेलं सगळं तेवढ्यात हाताखालून जातं.

नवी खरेदी करताना आर-410ए टाळा, आर-32 किंवा आर-290 मागा. आणि खरेदीच्या आधी एक साधा प्रश्न: या खोलीला एसी हवाच आहे का? वाळ्याच्या ताट्या लावणारं हे शहर आहे. कोरड्या एप्रिल-मेमध्ये मोठ्या हॉलला, वाचनालयाला, प्रतीक्षागृहाला डक्ट कूलर छान पुरतो आणि त्यात गॅस शून्य. पाऊस पडला की तो निकामी होतो हे खरं, पाणीही लागतं. सर्व्हर रूम आणि शस्त्रक्रियागृह त्याच्यावर सोडता येत नाही. पण वर्षाचे दोन-अडीच महिने भागणार असतील तर तेवढी यंत्रं कमी घ्या. कळमन्याच्या शीतगृहवाल्यांना अमोनिया सांभाळता येतो, त्याचा तापवण्याचा आकडा शून्य आहे. तेव्हा पर्याय नाहीत असं कोणी म्हणू नये.

नवं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि एसीची गर्दीही तेव्हाच. करार त्याआधी व्हायचे असतील तर दरपत्रक हिवाळ्यातच बदलावं लागेल. एका इमारतीपासून सुरुवात करा, जिथे शंभरेक स्प्लिट आहेत आणि जागेवर एक तरी विद्युत अभियंता आहे. नोंदवहीचा नमुना, दर विश्लेषण आणि कामाच्या तपासणीची यादी आम्ही बसून तयार करून देऊ, त्याचा मोबदला नको. पहिल्या दहा यंत्रांच्या कामाला आपला अभियंता आमच्यासोबत गच्चीवर उभा राहावा, एवढीच अट.

आपले,
नागपुरात एसी-रेफ्रिजरेशनचं काम करणारे आणि शिकवणारे काही जण